सरकारी नोकरीतला बर्नआउट: टेबलावरचा बोजा कागदावर आणण्याची रीत

महसूल, जिल्हा परिषद, नगरपालिका, आरोग्य, लेखा... खाते कोणतेही असो, चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच दिसते. आकृतिबंधात पाच पदे मंजूर असतात आणि प्रत्यक्षात दोन माणसे काम करत असतात. त्या दोघांपैकी एकाकडे शेजारच्या कार्यासनाचा (टेबलाचा) ‘तात्पुरता’ कार्यभार दोन-दोन वर्षे राहतो. त्यावर व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), ‘आज सायंकाळी ५ पर्यंत माहिती सादर करा’ असे निरोप, माहिती अधिकाराचे अर्ज, अधिवेशनकाळातले तारांकित प्रश्न आणि खिडकीपाशी ताटकळलेली माणसे. अशा ठिकाणी माणूस खचला की त्याला योगासनांचे शिबिर किंवा ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला मिळतो. योगासने चांगलीच आहेत, पण दुसऱ्या टेबलाचा कार्यभार त्यांनी कमी होत नाही.

सरकारी कामाचा बोजा कागदावर येत नाही तोवर तो कर्मचाऱ्याचा वैयक्तिक दोष समजला जातो. हा लेख मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. निमशासकीय संस्थांत नियमांची नावे वेगळी असतील, पण रीत हीच.

हे बर्नआउट आहे की आणखी काही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. दीर्घकाळ साचलेला आणि आटोक्यात न आलेला कामाचा ताण हे तिचे कारण, आणि तिची अंगे तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना.

कार्यालयात हे कसे दिसते ते पाहा. एकच टिपणी चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. अवघड नस्ती (फाईल) खाली सरकते आणि सोप्या नस्त्यांवर सह्या होत राहतात. अर्जदार समोर आला की त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच चीड येते. पूर्वी त्याच माणसाला आपणहून खुर्ची दिली असती. रविवारी संध्याकाळपासून छाती जड होते. ‘माहिती संकलित करण्याची कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य सवयीने लिहिले जाते आणि कार्यवाही मात्र सुरूच झालेली नसते.

नैराश्याची लक्षणेही अशीच असतात, म्हणून एक ढोबळ फरक लक्षात ठेवा. बर्नआउटच्या सुरुवातीच्या टप्प्यात चार दिवस गावी गेले, फोन बंद ठेवला की जरा बरे वाटते. नैराश्य गावीही सोबत येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, मुलाबाळांतही मन रमत नसेल तर पुढच्या कागदी उपायांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली; ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. सहकाऱ्याच्या तोंडून असे काही ऐकले तर त्याला एकटे सोडू नका. धोका समोर दिसत असेल तर त्याला थेट रुग्णालयात न्या.

डॉक्टरांकडे गेल्यावर आधी शरीर तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, बी-१२ आणि रक्तदाब. वर्षानुवर्षे ‘कामाचा थकवा’ म्हणून अंगावर काढलेले दुखणे कधी थायरॉइडचे किंवा पंडुरोगाचे निघते, आणि त्यावरचा उपचार सोपा असतो. औषध दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांची सवय लागते आणि मूळ दुखणे झाकले जाते. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची औषधे दिली तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती सोडून देणे ही नेहमीची चूक. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा मिळते.

दहा दिवसांची मोजणी

आता मुख्य काम. एक साधी वही घ्या आणि सलग दहा कार्यालयीन दिवस प्रत्येक कामाची नोंद करा. रकाने सहाच: तारीख, काम, ते कोठून आले (आवक क्रमांक, फोन, तोंडी, व्हॉट्सअॅप), मूळ कार्यभाराचे की अतिरिक्त, किती मिनिटे लागली, पूर्ण झाले की राहिले. संध्याकाळी आठवून लिहू नका. आठवणीत मोठी कामे राहतात आणि खरा वेळ खाणारी बारीकसारीक कामे गळतात. दर दोन तासांनी एक मिनिट दिले तरी पुरते.

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून कार्यालयांची वेळ सकाळी ९:४५ ते सायंकाळी ६:१५ आहे. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर दिवसाचे आठ तास उरतात, म्हणजे दहा दिवसांचे ४,८०० मिनिटे. समजा तुमच्या वहीत मूळ कामाची २,६००, अतिरिक्त कार्यभाराची १,५००, व्हीसी आणि तातडीच्या विवरणपत्रांची १,४००, अभ्यागतांची ७०० मिनिटे निघाली. बेरीज ६,२००. म्हणजे दोन आठवड्यांत १,४०० मिनिटे, तेवीस तासांहून अधिक काम तुम्ही घरून, सुट्टीच्या दिवशी किंवा जेवण सोडून केले. ‘खूप काम आहे’ हे वाक्य साहेबांनी हजारदा ऐकलेले असते. हा आकडा त्यांनी पाहिलेला नसतो.

ही वही तुमच्या कार्यविवरण नोंदवहीची जागा घेत नाही, तिला जोड देते. कार्यविवरण नोंदवहीत आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, नवी आवक, निर्गती (निकाली निघालेली प्रकरणे) आणि अखेरची शिल्लक हा गोषवारा असतो. अनेक ठिकाणी तो तपासणीच्या आदल्या रात्री एकरकमी लिहिला जातो. तसे करू नका, कारण तुमच्याकडे किती काम आले आणि किती निघाले याचा कार्यालयाने मान्य केलेला पुरावा तोच आहे.

पुरावा कशासाठी, हेही सांगायला हवे. २००५ च्या महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियमातील कलम १० प्रमाणे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये. या सात दिवसांची धास्ती सगळ्यांना असते. पण त्याच कलमात शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे ती हेतुपुरस्सर विलंबासाठी किंवा निष्काळजीपणासाठी. पाच टेबलांचे काम एका माणसाकडे असल्याने झालेला उशीर हेतुपुरस्सर नाही, हे सांगायला कागद लागतो. कारणे दाखवा नोटीस आल्यानंतर तयार केलेल्या कागदाला वजन नसते.

सहा गठ्ठे

मोजणी सुरू असतानाच टेबल मोकळे करा. सहा गठ्ठे पद्धत सगळ्यांनी प्रशिक्षणात शिकलेली असते: कार्यवाही करायची प्रकरणे, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. तपासणी अधिकाऱ्यांसाठी म्हणून ती राबवली जाते, पण तिचा सर्वांत मोठा फायदा स्वतःच्या मनाला होतो. तीन-चार दुपारी दीड-दोन तास राखून प्रत्येक कागद सहापैकी एका जागी टाका. ई-ऑफिस (संगणकावरची नस्ती प्रणाली) असेल तर हीच विभागणी तिथे करा.

मग ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठा पाहा. ज्या प्रकरणांची काळजी तुम्ही रात्री करत होता, त्यांतली बरीचशी या गठ्ठ्यात निघतील. तिथे पुढचे पाऊल दुसऱ्या कार्यालयाचे असते. त्या प्रत्येकावर शेवटच्या पत्राची आणि पुढच्या स्मरणपत्राची तारीख पेन्सिलने टाका, आणि ती तारीख येईपर्यंत ते प्रकरण डोक्यातून काढा. कार्यवाहीच्या गठ्ठ्याचे मुदतीप्रमाणे भाग करा: न्यायालयाची तारीख, विधिमंडळाचे कामकाज, माहिती अधिकाराचे ३० दिवस, लोकसेवा हक्क अधिनियमाखालील अधिसूचित सेवा. शेवटच्या दोहोंत उशिराचा दंड व्यक्तीवर बसतो: माहिती अधिकारात दिवसाला २५० आणि कमाल २५,००० रुपये, लोकसेवा हक्कात ५०० ते ५,००० रुपये. म्हणून साहेबांच्या ‘अर्जंट’पेक्षा कधी कधी हा कागद आधी काढावा लागतो, आणि तसे साहेबांना स्पष्ट सांगावे लागते.

अतिरिक्त कार्यभार आणि तोंडी आदेश

‘जरा बघून घ्या, चार दिवसांचा प्रश्न आहे’ या वाक्याने बहुतेक अतिरिक्त कार्यभार सुरू होतात. नम्रपणे लेखी आदेश मागा. आदेशात दिनांक, पदाचे नाव आणि शक्यतो मुदत हवी. अतिरिक्त कार्यभारासाठी काही अटींवर जादा वेतनाची तरतूद आहे. आदेशच नसेल तर ते मागायलाही आधार उरत नाही.

कार्यभार घेताना फक्त कपाटाच्या किल्ल्या घेऊ नका. प्रलंबित नस्त्यांची तारखांसह यादी, न्यायालयीन प्रकरणे, लेखापरीक्षणाचे प्रलंबित आक्षेप, असमायोजित अग्रिमे (हिशेब न दिलेल्या आगाऊ रकमा), जडसंग्रह नोंदवही (कार्यालयातील सामानाची नोंद) हे सगळे यादीत घेऊन, मोजून, मगच सही करा. मोजायला वेळच दिला नाही तर सहीखाली ‘प्रत्यक्ष पडताळणी बाकी’ असे लिहा. ही एक ओळ न लिहिल्यामुळे जुन्या माणसाच्या काळातला आक्षेप नव्याच्या माथी येतो आणि मग तो माणूस वर्षभर नीट झोपत नाही.

तोंडी आदेशाबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुमच्या बाजूने आहेत. वरिष्ठांच्या निर्देशानुसार काम करायचे तर निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. वाद न घालता हे साधते. काम झाल्यावर नस्तीवर लिहा: ‘मा. महोदयांनी आज दूरध्वनीवर दिलेल्या निर्देशांनुसार कार्यवाही केली आहे. माहितीस्तव सादर.’ नस्ती नसेल तर हाच मजकूर कार्यालयीन ईमेलवर टाका.

साहेबांना द्यायची टिपणी

मोजणी झाली की टिपणी लिहा. तिच्यात ‘मला ताण सहन होत नाही’ असे लिहू नका. ते खरे असले तरी त्याचे उत्तर ‘रजा घ्या’ किंवा ‘सर्वांनाच ताण आहे’ असे येते. टिपणीत निर्णय मागा. मजकूर साधारण असा:

‘विषय: कार्यासनावरील कामाच्या प्राधान्यक्रमाबाबत आदेश मिळणेबाबत.
उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, माझ्याकडे … कार्यासनाचा मूळ कार्यभार असून दि. … च्या आदेशान्वये … कार्यासनाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला आहे. दि. … ते दि. … या १० कार्यालयीन दिवसांतील कामाचा तपशील सोबत जोडला आहे. उपलब्ध ८० तासांच्या तुलनेत सुमारे १०३ तासांचे काम करावे लागले. सबब, (अ) अतिरिक्त कार्यासनाचे … हे काम अन्य कर्मचाऱ्याकडे वर्ग करावे, किंवा (ब) सोबतच्या यादीतील अ.क्र. … ते … ही कामे दि. … नंतर हाती घेण्यास मान्यता द्यावी. आदेशार्थ सादर.’

दोनच पर्याय द्या आणि ते साहेबांच्या अधिकारात बसणारे असू द्या. ‘रिक्त पदे भरावीत’ ही मागणी रास्त आहे, पण तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी ती पूर्ण करू शकत नाहीत. ती टिपणी तिथेच निवते. पदभरतीचा विषय संघटनेमार्फत वेगळा मांडा, तिथे त्याला जोर येतो.

टिपणीवर शेरा बहुधा ‘चर्चा करावी’ असा येईल. इथेच पुष्कळ प्रकरणे मरतात, कारण चर्चा होते, साहेब समजून घेतात, चहा होतो आणि नस्ती कपाटात जाते. चर्चा झाली त्याच दिवशी खाली लिहा: ‘दि. … रोजी चर्चा केल्यानुसार अ.क्र. … ची कामे दि. … नंतर हाती घेण्यात येतील. मान्यतेस्तव सादर.’ सही आली तर उत्तम. नाही आली तरी तुमचे म्हणणे तारखेसह नस्तीत राहिले. पंधरा दिवस काहीच झाले नाही तर एकदा स्मरण द्या. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालाच्या स्वयंमूल्यमापनात रिक्त पदे आणि अतिरिक्त कार्यभार यांचा उल्लेख आदेश क्रमांकासह करा; अनेकजण तो रकाना ‘निरंक’ सोडून देतात.

फोन

आपत्ती, निवडणूक, कायदा-सुव्यवस्था या काळात फोन बंद ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. बाकीच्या दिवसांसाठी साहेबांशी एक साधी गोष्ट ठरवून घ्या: रात्री ८ नंतर खरेच तातडीचे असेल तर फोन येईल, ग्रुपवरचा संदेश सकाळी ९:४५ ला पाहिला जाईल. बहुतेक अधिकारी याला हरकत घेत नाहीत, कारण रात्री पाठवलेला संदेश त्यांनाही वरून आलेला असतो आणि तो फक्त पुढे ढकललेला असतो. ग्रुप म्यूट करा, पण ग्रुप सोडू नका. सोडलात तर चर्चा कामाची न राहता तुमच्या वागण्याची होते.

रजा: कोणती, कशी

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होतात आणि ३०० दिवसांपर्यंत साठवता येतात. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्रावर हीच रजा परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात: १५ दिवसांच्या परिवर्तित रजेला ३० अर्धवेतनी दिवस. किरकोळ रजा वर्षाला ८, आणि ती या रजांना जोडून घेता येत नाही. अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेतून रजा खात्याची शिल्लक लेखी घ्या. सेवापुस्तकात नोंदी मागे राहिलेल्या असतात आणि ऐन वेळी ‘शिल्लक नाही’ असे उत्तर येते.

थकलेला माणूस एक-एक दिवसाची किरकोळ रजा तोडून घेतो. त्याने विश्रांती मिळत नाही, कारण तो दिवस घरी कामाच्या विचारात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गठ्ठा समोर असतो. निदान दहा ते चौदा दिवस सलग घ्या, आणि त्या काळात कार्यभार कोणाकडे राहील याचा आदेश निघाल्याखेरीज जाऊ नका.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सेवेच्या निकडीसाठी ती नाकारली जाऊ शकते. मात्र तुम्ही मागितलेल्या आणि देय असलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. वैद्यकीय रजेसाठी आलेल्या प्रमाणपत्राबाबत सक्षम अधिकारी दुसरे वैद्यकीय मत मागू शकतात, त्याला घाबरू नका. प्रमाणपत्रावर डॉक्टर बहुधा ‘बर्नआउट’ लिहिणार नाहीत, कारण तो आजार नाही. समायोजनाचा विकार, चिंता, नैराश्य असे त्यांना जे निदान आढळेल ते लिहितील. टेबलाटेबलावर ते वाचले जाऊ नये म्हणून प्रमाणपत्र बंद पाकिटात, वर ‘गोपनीय’ लिहून, रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पाकिटाची पोच घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे अर्ज न देता घरी बसणे. खचलेल्या माणसाला एक अर्ज लिहिणेही डोंगराएवढे वाटते, हे आम्ही जाणतो. पण अनधिकृत गैरहजेरीची नोंद सेवेत खंड आणि चौकशीपर्यंत जाते. अशा वेळी घरच्यांनी किंवा मित्राने अर्ज लिहून, सही घेऊन, ईमेल किंवा नोंदणी टपालाने त्याच दिवशी पाठवावा.

परतताना वैद्यकीय रजेनंतर सक्षमता प्रमाणपत्र जोडावे लागते. शक्य असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचा होतो. पहिल्या दिवशी साचलेले काम उपसायला बसू नका. आवक नोंदवही पाहून सहा गठ्ठ्यांत भर घाला, एवढेच.

बदली, राजीनामा

बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. मध्येच बदली हवी असेल तर विशेष कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. त्रास एखाद्या माणसाचा किंवा ठिकाणाचा असेल तर बदलीने फरक पडतो. त्रास रिक्त पदांचा असेल तर जाण्याआधी त्या कार्यालयात मंजूर किती आणि भरलेली किती पदे आहेत हे विचारा, नाहीतर तेच टेबल नव्या गावात भेटते.

राजीनाम्याचा निर्णय उपचार सुरू होऊन आणि सलग रजा घेऊन झाल्याशिवाय करू नका. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला तर आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. वीस वर्षे अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग असतो. एकोणिसाव्या वर्षी संतापाने दिलेला राजीनामा कुटुंबाला फार महागात पडतो.

कार्यालयप्रमुखांसाठी

तुमच्या हातात पदभरती नाही, पण बरेच काही आहे. तुमच्याकडून खाली जाणारी विवरणपत्रे एकदा मोजा. एकच माहिती तीन शाखा तीन नमुन्यांत मागत असतील तर एक नमुना ठरवा. व्हीसीला ज्याचा विषय आहे त्यालाच बसवा. ग्रुपवर नाव घेऊन जाब विचारणे थांबवा. चूक दालनात बोलावून सांगा. अभ्यागताने कर्मचाऱ्यावर हात टाकला तर पोलिसांत तक्रार कार्यालयामार्फत जाऊ द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा (लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला) गुन्हा आहे की नाही ते पोलीस पाहतील, पण आपल्यामागे साहेब उभे राहिले हे त्या माणसाला दिसायला हवे. रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्याकडे पहिला महिना अतिरिक्त कार्यभार ठेवू नका आणि तसा आदेश तो रुजू होण्याच्या आदल्या दिवशीच काढा.